रमण कुरुंदवाडकरचा सत्कार

मंडळाची सेक्रेटरी व्हायची हौस मला कधीच नव्हती, हे आधी सांगून टाकते. न्यूझीलंडातल्या पोरिरुआत मराठी घरं पस्तीस-चाळीस, त्यातली निम्मी वेलिंग्टनच्या लोकांवर रुसलेली, म्हणून आम्ही आमचं वेगळं 'शेजार मंडळ' काढलं. दोन मराठी माणसं जमली की तीन मंडळं होतात म्हणतात, ते काही खोटं नाही. पहिल्या सभेत सेक्रेटरी कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी एकदम मोबाइलात डोकी घातली. मी एकटीच समोर बघत बसले होते, म्हणून मी झाले. नवरा हॅमिल्टनला दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनीयर, पंधरा दिवसांनी एकदा येणार. मी वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात डेटाबेस सांभाळते. वर हे मंडळ. हॉलच्या किल्ल्या परत करायलासुद्धा मीच जाते.

रमण आमच्याकडे पहिल्यांदा आला तो २०१२च्या संक्रांतीला. त्याची बायको नीता पुण्याची, फिजिओथेरपिस्ट. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि आदल्या वर्षी दोघं इंग्लंडहून आले. तो उंच, शिडशिडीत, सत्तेचाळीस वर्षांचा, कानावर केस पिकलेले. त्याने काशिनाथकाकांकडून तिळगूळ घेतला आणि मोठ्या प्रेमाने विचारलं, "तू आगगाडीनं आलास काय?"

काशिनाथकाका आमचे खजिनदार, तेव्हा सहासष्ट वर्षांचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांना उभ्या आयुष्यात परक्या माणसाने 'तू' म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना.

नंतर उलगडा झाला. रमणची आई, शकुताई, त्रेसष्ट साली सांगलीहून वुल्व्हरहॅम्प्टनला गेली. वडील, पुरुषोत्तम कुरुंदवाडकर, तिथे डॉक्टर होते. रमण तिथेच जन्मला, तिथेच वाढला. मराठी शिकला ती आईच्या स्वयंपाकघरात, आणि तिथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करायचे. बाहेर मराठी बोलणारं कोणी नव्हतंच. त्यामुळे त्याची मराठी त्रेसष्ट सालची राहिली होती, मुरंब्यासारखी जपून ठेवलेली. हॉस्पिटलला तो इस्पितळ म्हणायचा, हॉलला दिवाणखाना. आमची मुलं मागे फिदीफिदी हसायची, आणि ती स्वतः एक वाक्य धड मराठीत बोलत नव्हती.

त्याचा धंदा नटाचा. छंद नव्हे, पोटाचा धंदा. बापाशी भांडून नाट्यशाळेत गेला आणि त्यानंतर बावीस वर्षं इंग्लंडभर नाटकं करत हिंडला. एजंटने पहिल्याच आठवड्यात आडनावाला कात्री लावली, कारण ते पोस्टरवर मावत नव्हतं. रमणचं झालं रे, आणि कुरुंदवाडकरचं झालं वाडकर. रे वाडकरला भूमिका मिळायच्या त्या अशा : डॉक्टर, डॉक्टर, दुकानदार, पुन्हा डॉक्टर. टीव्हीवर एका हॉस्पिटलच्या मालिकेत तो भूल देणारा होता, अकरा भाग, त्यातल्या नऊ भागांत तोंडाला मास्क. शकुताई शेजारणींना बोलावून टीव्हीसमोर बसवायची आणि पडद्याला बोट लावून सांगायची, "ते डोळे आमच्या रमणचे." हे तो हसून सांगायचा. मला मात्र ऐकताना त्या एजंटचा आणि त्या मालिकावाल्यांचा संताप यायचा. मला संताप लवकर येतो.

न्यूझीलंडला येताना त्याला वाटलं होतं, नवा देश आहे, इथे कोणी आपल्याला ओळखत नाही, म्हणजे काहीही होता येईल. इथल्या पहिल्याच ऑडिशनला बाई म्हणाल्या, "छान! आता जरा आणखी इंडियन करून दाखव." आता याचं इंग्रजी वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यातल्या कामगारांसारखं, सपाट आणि नाकातलं. इंडियन इंग्रजी याने ऐकलं होतं ते बापाचं, आणि बापही चाळीस वर्षांत निम्मा साहेब झालेला. मग हा काय करायचा, तर काशिनाथकाकांना कॉफीला न्यायचा आणि टेलिफोन एक्स्चेंजविषयी बोलतं करायचा. टेबलावर रेकॉर्डर चालू. काकांना वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आपल्या एक्स्चेंजमध्ये रस आहे! त्या आवाजावर रमणला टीव्हीत दोन कामं मिळाली. दोन्ही डेअरीवाल्याची. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथे डेअरी म्हणतात, आणि मालिकेत ती दाखवली की लुटण्यासाठीच दाखवतात. पहिल्या मालिकेत याच्या डोक्यात बॅट बसली. दुसऱ्या मालिकेत पहिल्याच दृश्यात गोळी लागली आणि पुढचे तीन भाग याचा नुसता फोटो पोलिसांच्या फळ्यावर.

इथवर मी दुसऱ्यांना नावं ठेवली. आता माझं सांगते. २०१३ साली मंडळाने नाटक बसवलं, दिग्दर्शन माझं. रमण वाचनाला आला तो पानं पाठ करूनच आला होता. त्याला भावाची भूमिका करायची होती, मोठी, बोलायला भरपूर असलेली. त्याने दोन पानं म्हणून दाखवली. 'ट' आणि 'त' एकच, 'ळ' कुठेच नाही. एक-दोघं खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. आणि मी त्याला भूमिका दिली डॉक्टरची. शेवटच्या अंकात येऊन स्टेथोस्कोप काढायचा आणि "आय अ‍ॅम सॉरी" म्हणायचं, एवढंच काम. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग म्हणाला, "चालेल की." दोन महिने प्रत्येक तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. प्रयोगात त्याने ते तीन शब्द असे म्हटले की विंगेत उभ्या असलेल्या दोघी रडायला लागल्या. मी पडदा अडकला म्हणून दोरीशी झटत होते, माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याला व्हिडिओ गेममधली कामं मिळायला लागली. वेलिंग्टनमधली एक कंपनी. तिचं नाव मी इथे घेणार नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे. सुरुवातीला किरकोळ आवाज : पहारेकरी, मासेवाला, दारूच्या गुत्त्यातला भांडखोर. आम्ही दोघं सकाळी पोरिरुआहून एकाच गाडीने वेलिंग्टनला जायचो, तेव्हा तो मला त्या कामाची पद्धत सांगायचा. नाटकात समोरचा बोलतो, मग आपण बोलतो. इथे समोर कोणीच नाही. गादीच्या भिंतींची एक खोली, एक माइक आणि एक्सेलचा तक्ता. ओळ चारशे बारा, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हण. ओळ चारशे तेरा. आपण कुणाला काय म्हणतोय, त्याने काय उत्तर दिलं, काही माहीत नसतं. जाकीट सळसळतं म्हणून काढून ठेवायचं. तोंडात चिकट आवाज येऊ नये म्हणून हिरवं सफरचंद खायचं. पोट गुडगुडलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "ही काय शिक्षा आहे का रे?" तो म्हणाला, "शिक्षा नाही गं. तिथे कोणी माझं तोंड बघत नाही."

मार्च २०१६ मध्ये एका मंगळवारी तो गाडीत माझ्या समोर येऊन बसला आणि मराठीत बोलायला लागला. एरवी तो गाडीत इंग्रजीच बोलायचा, कारण मराठीत अडखळला की त्याला लाज वाटायची. त्या दिवशी मुद्दाम मराठी, कारण डब्यात दुसऱ्या कुणाला कळायला नको होतं.

"मला मोठं काम मिळालंय," तो म्हणाला. "नावाड्याचं. सबंध खेळभर आहे तो. खेळणाऱ्याला नदीपार नेतो, गोष्टी सांगतो, चिडतो, गातो. दीड हजार ओळी आहेत. निम्म्या झाल्या."

"अरे वा! आवाज कसला काढतोस? काकांचा?"

"नाही." तो पुढे वाकला. "मी पहिल्या दिवशी विचारलं, कुठली बोली करू? तर तो डायरेक्टर म्हणाला, तुझीच. तुझा आवाज आहे तसाच हवा. अनुराधा, तीस वर्षांत मला हे कोणी म्हणालं नव्हतं."

मग त्याने त्या नावाड्याची एक ओळ अगदी हळू म्हणून दाखवली. काहीतरी पाण्याच्या खोलीविषयी होतं. साधी ओळ, वुल्व्हरहॅम्प्टनच्या सपाट सुरात, आणि माझ्या अंगावर काटा आला. बाहेर समुद्र दिसत होता आणि मला खरंच वाटलं, की हा माणूस आपल्याला पलीकडे नेऊन सोडेल. मग त्याने शेवटी काय होतं तेही सांगितलं : तो नावाडी म्हणजेच हरवलेला राजा असतो, ज्याला शोधायला खेळणारा निघालेला असतो. आणि म्हणाला, "हे बोलायचं नाही हं कुणाशी. कागदावर सही दिलीय."

मी 'हो हो' म्हटलं. आता नीट ऐका, कारण सगळं इथेच चुकलं. 'कुणाला सांगू नकोस' हे आपल्याकडे कधी म्हणतात? दिवस गेले की तीन महिने सांगायचं नसतं. घर घेतलं की किल्ली हातात येईपर्यंत बोलायचं नसतं. रेसिडेन्सीचा शिक्का बसेपर्यंत इथे सख्ख्या बहिणीला कळवत नाहीत. दृष्ट लागू नये म्हणून. आणि काम तडीला गेलं की तेच लोक पेढे घेऊन दारात येतात, आणि आपण आपणहून काही बोललो नाही तर उलट 'काय गं, कौतुक नाही वाटतं?' असं ऐकवतात. माझ्या कानांनी रमणचं वाक्य त्या खात्यात जमा केलं. सही, कागद, कायदा हे शब्द ऐकू आले, पण आत शिरले नाहीत. ऑगस्टच्या शेवटी तो म्हणाला, "रेकॉर्डिंग संपलं." मी मनात म्हटलं, झालं, आता सांगायला हरकत नाही.

गणपतीत शेवटच्या संध्याकाळी आमच्याकडे गुणवंतांचा सत्कार असतो. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. परीक्षेत चमकलेली मुलं, अर्ध मॅरेथॉन पुरी केलेले, नागरिकत्व मिळालेले. त्या वर्षी शेवटचं नाव मी घातलं ते रमणचं. त्याला अचानक कळावं म्हणून कुणालाच सांगितलं नाही, नीतालासुद्धा नाही. मानपत्र लिहायचं काम काशिनाथकाकांना दिलं आणि त्यांना बजावलं, गुपचूप लिहा.

माझ्या मनात २०१३चं ते डॉक्टरचं काम होतं. मला ते फेडायचं होतं. म्हणून मी माइक घेतला आणि बोलत सुटले. कंपनीचं नाव सांगितलं. नावाडी सांगितला. आणि टाळ्या कमी पडतायत असं वाटलं, तेव्हा म्हटलं, "आणि मंडळी, हा साधासुधा नावाडी नाही बरं का! शेवटी तोच राजा निघतो!" हॉल दणाणला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मग मी पूर्ण नाव पुकारलं, "श्री. रमण पुरुषोत्तम कुरुंदवाडकर!" तो उठला, स्टेजवर आला, काकांनी खांद्यावर शाल घातली. तो खाली वाकून काकांच्या पाया पडला. नीता पहिल्या रांगेत डोळे पुसत होती.

माझी मुलगी इरावती तेव्हा सतरा वर्षांची. घरी जाताना गाडीत म्हणाली, "आई, इज ही अलाउड टू से ऑल दॅट?"

"तो कुठे काय बोलला? मी बोलले."

"दॅट्स वर्स," ती म्हणाली. मी तिला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी व्हिडिओ मंडळाच्या पानावर टाकला. दरवर्षी टाकतात. या वर्षी त्यांना आणखी एक कल्पना सुचली : आपल्या मुलांना मराठी समजायला जड जातं, म्हणून त्यांनी खाली इंग्रजी भाषांतर घातलं. निवृत्त इंजिनीयर माणूस, शब्दन् शब्द चोख. आमच्या व्हिडिओंचा विक्रम तोवर दोनशे बारा लोकांनी पाहिल्याचा होता. तिसऱ्या दिवशी आकडा अकरा हजार, चौथ्या दिवशी चाळीस हजार. काकांनी मला ऑफिसात फोन केला, आवाज आनंदाने चिरकलेला, "अनुराधा, जग बघतंय गं!" जग बघत होतंच. त्या खेळाची दोन वर्षं वाट बघत बसलेल्या पोरांनी तो व्हिडिओ शोधून काढला होता आणि जगभर वाटला होता. सगळ्यांना शेवट कळला होता. शालीत गुंडाळलेल्या एका माणसाच्या चित्राखाली पिवळ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं : शेवटी तोच राजा निघतो.

कंपनीने रमणला गुरुवारी बोलावलं. अर्ध्या तासात सगळं संपलं. करार मोडला. शेवट बदलणार, आणि नावाड्याच्या दीड हजार ओळी दुसरा नट पुन्हा म्हणणार. खेळात कुठेही याचं नाव येणार नाही. त्याच्या इथल्या एजंटने संध्याकाळी फोन करून सांगितलं की आता याला पाठवायला तिला कुठे जागा उरली नाही. वेलिंग्टन हे एवढंसं गाव, सगळे एकमेकांना ओळखतात.

मी शुक्रवारी रजा घेतली. कंपनीला पत्र लिहिलं, मंडळाच्या कागदावर, माझ्या सहीने. की हा सर्व प्रकार माझ्या अज्ञानाने झाला, रमणला याची कल्पना नव्हती, त्याला न विचारता जाहीर केलं, शिक्षा करायची तर मंडळाला करा. ते घेऊन त्यांच्या घरी गेले. दार नीताने उघडलं. तिने पत्र वाचायलासुद्धा हातात घेतलं नाही.

"अनुराधा, तू घरी जा."

"नीता, माझं ऐक तरी. हे पाठवलं तर कदाचित..."

"तुला टाळ्या हव्या होत्या," ती म्हणाली. "मिळाल्या ना? जा आता."

मला झोंबलं, कारण त्यात थोडं खरं होतं. तेवढ्यात रमण आतून आला. त्याने दारातच उभ्या-उभ्या पत्र वाचलं, घडी केली, परत दिलं. "पाठवू नकोस," म्हणाला. मी विचारलं, का? तो म्हणाला, "नको म्हणतोय ना." मी चिडून म्हटलं, अरे, निदान त्यांना कळू दे की तुझा दोष नव्हता! त्याने दार लोटून घेतलं.

मला काही कळेना. माझ्या एका पत्राने भूमिका परत आली नसती, हे मलाही समजत होतं. पण नाव तरी धुतलं गेलं असतं, दुसऱ्या कंपनीने दारात उभं केलं असतं. हा माणूस हाताशी असलेला दोरसुद्धा धरत नव्हता. पत्र मी तसंच ठेवून दिलं. काकांनी व्हिडिओ काढून टाकला आणि खजिनदारकी सोडली. तेही काम माझ्याकडेच आलं.

खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये बाजारात आला. इरावती तेव्हा युनिव्हर्सिटीत होती, सुट्टीत घरी आली ती तो घेऊनच. मी म्हटलं, नावाडी आला की मला हाक मार. आला. धुक्यातून होडी, वल्ह्यांचा आवाज, आणि मग तो बोलला. भारदस्त, खर्जातला, घुमणारा आवाज, जाहिरातीत घड्याळं विकतात तसा. पाण्याच्या खोलीची ओळ तीच होती. मी सोफ्याच्या काठावर बसून ऐकत राहिले.

"ही'ज प्रिटी गुड, आई," इरावती म्हणाली.

"बंद कर ते," मी म्हटलं.

तिने बंद केलं नाही, आवाज कमी केला. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळली. ते भाकरीचं पीठ होतं हे नंतर लक्षात आलं. इतका राग मला दुसऱ्या कुणाचा कधी आला नव्हता जितका त्या दिवशी स्वतःचा आला.

रमणला मी त्या काळात अधूनमधून स्टेशनावर बघत होते. तो दुसऱ्या डब्यात बसायचा. काय करतो ते इकडून-तिकडून कळलं. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षेत खोटे रुग्ण लागतात, तो ते काम करत होता. पोट दुखतंय असं दाखवायचं, मुलगा बरोबर प्रश्न विचारतो का बघायचं, मग पुढचा मुलगा आत. एका दिवसात वीस वेळा तेच पोट. जन्मभर डॉक्टर केला आणि आता रुग्ण.

२०१९च्या सप्टेंबरात, पुन्हा गणपतीच्याच सुमारास, वेलिंग्टन स्टेशनवर संध्याकाळच्या गाड्या अडकल्या होत्या. कुठेतरी रुळावर झाड पडलं होतं. बाकावर एकच जागा होती आणि ती त्याच्या शेजारी. मी बसले. दहा मिनिटं दोघंही फलकाकडे बघत होतो. शेवटी मला राहवलं नाही.

"ते पत्र अजून माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "तू तेव्हा पाठवू दिलं असतंस तर आज हे खोटं पोट दुखवत बसावं लागलं नसतं. तीन वर्षं मी रोज हा विचार करते. का नाही पाठवू दिलंस?"

 त्याने इंग्रजीत सुरुवात केली, थांबला, आणि मराठीत आला.

"कारण ते खोटं होतं. तू लिहिलं होतंस, रमणला कल्पना नव्हती. मला होती."

"कसली?"

"आदल्या दिवशी काशिनाथचा फोन आला. कंपनीचं नाव कसं लिहायचं, बापाचं नाव पुरुषोत्तम की पुरूषोत्तम, मानपत्रात चूक नको म्हणून. म्हणाला, अनुराधाला सांगू नकोस मी विचारलं ते." तो हातातली पिशवी चाचपत होता. "मी सांगितलं त्याला. एक-एक अक्षर सांगितलं. फोन ठेवला आणि मला ठाऊक होतं, हे थांबवायला पाहिजे. सकाळी करू म्हटलं. सकाळी केलं नाही."

 मी म्हटलं, "स्टेजवर तरी..."

"स्टेजवरून काशिनाथचा तो स्टँडवरचा फोन दिसत होता मला, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला. एक हात वर केला असता तर पुरे होतं." तो माझ्याकडे वळला. "तीस वर्षं मी टाळ्या ऐकल्या, अनुराधा. सगळ्या दुसऱ्या कुणासाठी. त्या डॉक्टरसाठी, त्या दुकानदारासाठी. आणि तू माझं सबंध नाव घेतलंस, बापासकट, आणि लोक उभे राहिले. मला ते हवं होतं. त्या दोन मिनिटांसाठी मी तो नावाडी देऊन टाकला."

 मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. तीन वर्षं! तीन वर्षं मी माझ्या जिभेला शिव्या देत होते, काकांनी मंडळ सोडलं, आणि हा दुसऱ्या डब्यात बसून गप्प.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस रे?"

"तुला सांगितलं असतं तर नीताला सांगावं लागलं असतं." तो पुन्हा फलकाकडे बघायला लागला. "ती माझ्यासाठी पुणं सोडून इंग्लंडला आली. तिनं घर चालवलं म्हणून मी नट राहिलो. तिला कसं सांगू की कुणी नेलं नाही, मीच टाकलं? तिला वाटतं तुझ्यामुळे गेलं. तसंच वाटू दे."

गाडी लागली. तो उठला आणि या वेळी माझ्याच डब्यात चढला, पण बसला लांब, दाराजवळ. पोरिरुआ येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी सुपरमार्केटात तांदळाच्या पोत्यांपाशी नीता समोर आली. तीन वर्षांत ती मला दिसली की ट्रॉली वळवायची. या वेळी गल्ली अरुंद होती आणि मागे एक बाई मुलाला घेऊन उभी, तिला वळता आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. एकच वाक्य, आणि मी मोकळी झाले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते मला त्या तांदळाच्या पोत्यांपाशी कळलं.

"सॉरी, नीता," मी म्हटलं, आणि माझी ट्रॉली मागे घेऊन तिला वाट दिली.